चाळिशीनंतरचा आवाज

चाळिशी उलटली की खुर्चीतून उठताना तोंडातून एक आवाज निघायला लागतो. कुणाचा 'हुश्श', कुणाचा 'आई गं', कुणाचा नुसताच हुंकार. दुखत काहीच नसतं. गंमत म्हणजे आपल्याला तो ऐकूही येत नाही. शेजारच्या टेबलावरची पंचविशीतली मुलगी काळजीनं "काय झालं सर?" विचारते, तेव्हा पत्ता लागतो.

हौस म्हणून व्यायामाला लागणारी माणसं थोडीच. बाकीच्यांच्या मागे काहीतरी लागलेलं असतं: रक्ताचा रिपोर्ट, बरोबरीच्या कुणाला आलेला झटका, नाहीतर अचानक हाती लागलेला स्वतःचाच जुना फोटो. मग बूट येतात. बुटांपाठोपाठ मनगटावर घड्याळ येतं आणि घड्याळाबरोबर दहा हजार पावलं येतात. हा आकडा कुणा डॉक्टरनं नाडी बघून ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार होते. यंत्र खपलं, आकडा जगाला चिकटला. आता रात्री साडेअकराला चांगली शिकलीसवरलेली माणसं बेडरूम ते गॅलरी येरझाऱ्या घालतात. सकाळी मीटिंग असते, डोळे मिटत असतात, पण चारशे पावलं बाकी असतात! (झोपसुद्धा तब्येतीसाठीच असते, हे अशा वेळी सांगायला जाऊ नये.)

मला वाटतं, भीतीला निवड कळत नाही. ती आरशात दिसेल तेवढंच बघते: केस, पोट, डोळ्यांखालचं काळं. आतून जे जातं ते न सांगता जातं. तिशीनंतर दर दहा वर्षांत अंदाजे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते, ते आपल्याला पाठ असतं. त्यालाच जोडून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलाय, तो मात्र आपण सोयीनं गाळतो. चालणं कसं, फोनवर बोलताबोलताही होतं.

खरी परीक्षा सकाळी होते, उभ्याउभ्या मोजा घालताना. एक पाय वर, मोजा बोटांत अर्धा अडकलेला, टाच काही आत जात नाही. खालचा पाय घोट्यापाशी थरथरतोय आणि कोपर आपसूक भिंत शोधतंय. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या लोकांना १० सेकंद एका पायावर उभं केलं होतं. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तोल गेला म्हणून माणूस जातो, असा त्याचा अर्थ नव्हे. पण ही बातमी आली आणि आमच्या ऑफिसच्या पॅसेजमध्ये बगळ्यांची शाळा भरली.

उलट बाजूनंही सांगण्यासारखं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींकडून ८ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आणि आपण त्रेचाळिसाव्या वर्षी "आता या वयात काय" म्हणून मोकळे.

मला सगळ्यांत आवडते ती लंडनच्या बसची हकिगत. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि ती १९५३ मध्ये छापून आली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं देत डबलडेकरचा जिना चढून-उतरून. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. बिचाऱ्यांना आपण व्यायाम करतोय याची गंधवार्ता नव्हती. त्यांच्या डोक्यात वय नव्हतं, सुट्टे पैसे होते. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

परवा लिफ्टची वाट बघताना हे सगळं रंगवून एका जुन्या सहकाऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण कंडक्टरांचे गुडघे कुणी तपासले होते का?"