उलटा चरखा

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या नागपूरच्या गांधीबागेतल्या झेंड्यांच्या दुकानात मान वर करायला सवड नसते. त्यातच एका शाळेच्या बाई आल्या. मुलं झेंडा सत्याग्रहावर नाटक बसवत होती, बारा झेंडे हवे होते. मी म्हटलं, "तयारच आहेत, न्या." त्या हसल्या. "हे नाही जी. १९२३ चे पाहिजेत. चरखावाले."

वहीत रंगवूनच आणलं होतं त्यांनी. वर पांढरा पट्टा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. केशरी नाहीच! वीस वर्षं झेंडे शिवतोय, म्हटलं बाईंचा घोटाळा झाला. त्यांनी शांतपणे सांगितलं. १९२१ मध्ये गांधीजींनी सुचवलेला हा झेंडा. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्या धर्मांचा. संख्येने थोडे ते वर, आणि मोठा समाज ढालीसारखा खाली. केशरी आला १९३१ मध्ये, आणि तेव्हा रंगांना धर्म चिकटवायचाच नाही असं ठरलं.

झेंडा सत्याग्रह तो हाच: हा झेंडा घेऊन १ मे १९२३ पासून लोक नागपुरात साहेबांच्या वस्तीकडे, सिव्हिल लाइन्सकडे निघायचे; तिथे झेंडा न्यायला बंदी, म्हणून पकडले जायचे. लढ्याचे पुढारी जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाईंनी लढा हाती घेतला, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासकट तिथून गेली. मी रोज त्याच रस्त्याने स्कूटर नेतो, कधी लक्षातही आलं नव्हतं.

रंगांचं काम सोपं होतं. घोळ चरख्याने घातला.

अशोकचक्र लावताना आम्ही एका खाक्यावर दोन चकत्या कापतो आणि पुढून-मागून एकावर एक बसवतो. गोलच ते, कुठूनही सारखं. आमच्या मशीनवर बसणाऱ्या काकाजींनी सवयीने चरखेही तसेच कापले. पहिला झेंडा शिवून झाला, उलटून पाहिला, तर मागच्या बाजूला चाक काठीकडे असायचं ते पार दुसऱ्या टोकाला! वर पुढची टीप मागे भलतीकडेच उमटलेली. दोन झेंडे उसवावे लागले. खादीवर सुईची भोकं राहतातच, ते कापड गेलं.

मग मी खाका पालथा करून मागचे चरखे कापले. आता शिवण शिवणीवर बसली, दोन्हीकडून चाक काठीजवळ आलं. फक्त एका बाजूने चरख्याचं तोंड उजवीकडे, दुसरीकडून डावीकडे. त्याला इलाज नाही.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा जरा ओशाळूनच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत झेंडा मांडताना नेहरूंनी हीच अडचण सांगितली होती! चरख्याला एका अंगाला चाक, दुसऱ्या अंगाला सूत कातायची चाती. मागून पाहिलं की सगळं उलट. म्हणून चरख्यातलं नुसतं चाक ठेवलं, आणि ते घेतलं सारनाथच्या अशोकस्तंभावरून.

काकाजी मशीनवरून उठलेही नाहीत. "मंग बेस केलं त्याइनं," म्हणाले, आणि पुढच्या झेंड्याच्या नेफ्यात दोरी ओवायला लागले.