२०१४ची यादी पुन्हा लावतोय : अकरा झाले, तीन बाकी

मागच्या महिन्यात माळ्यावरचा पसारा काढताना २०१४ची डायरी सापडली. शेवटच्या पानावर त्या वर्षीच्या मराठी सिनेमांची माझी क्रमवारी. पहिला ‘लय भारी’, दुसरा ‘टाइमपास’, आणि ‘फँड्री’ चक्क चौथा! त्याच्यापुढे बारीक अक्षरात शेरा : ‘चांगला, पण जड.’ वाचून माझीच मला लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, परत बघायचे आणि यादी नव्याने लावायची. चौदा सिनेमे काढलेत, अकरा बघून झाले.

नियम आधी सांगतो, नाहीतर भांडणं होतील. थिएटरला ज्या वर्षी लागला, ते त्या सिनेमाचं वर्ष. ‘फँड्री’चे राष्ट्रीय पुरस्कार २०१३चे, पण तो लागला १४ फेब्रुवारी २०१४ला, म्हणून आत. ‘कोर्ट’ २०१४ला व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण आपल्याकडे आला एप्रिल २०१५मध्ये. बाद. ‘किल्ला’चंही तेच, बर्लिनच्या महोत्सवात २०१४, इथे जून २०१५. हे दोघं आत असते तर यादीचा तोंडवळाच बदलला असता. जीव तुटला, पण नियम मीच केलाय.

तर ‘फँड्री’ पहिला. आता कुणी काही म्हणा.

तेव्हा आम्ही पाच जण रात्रीच्या खेळाला गेलो होतो. डुक्कर पकडायचा प्रसंग सुरू झाला. किशोर कदमचा कचरू बायकापोरांना घेऊन डुकरामागे धावतोय, गावातली पोरं मजा बघत हसतायत. थिएटरही हसत होतं. मीही. परवा घरी एकटाच बघत बसलो तेव्हा कळलं, किती वेळ चालतो तो प्रसंग! हसायला सोबत नसली की संपता संपत नाही. आणि त्या सगळ्या वेळात कचरूचा पोरगा जब्या वर्गातल्या पोरांना दिसू नये म्हणून भिंतीआड तोंड लपवत फिरतोय, हे शिट्ट्यांच्या गदारोळात मला दिसलंच नव्हतं. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी थिजतं आणि डुक्कर निघून जातं. थिएटरात आमच्या पुढच्या रांगेतले दोघं-तिघं खुर्चीतून अर्धवट उठले होते, काय करावं कळेना म्हणून परत बसले. आपल्याकडे सिनेमाआधी राष्ट्रगीताला सगळे एकदा उभे राहिलेलेच असतात ना! शेवटी जब्याने भिरकावलेला दगड मात्र दोन्ही वेळा थेट माझ्याच दिशेने आला. पहिल्या वेळी हसल्याचा हिशोब असावा.

एक गंमत. त्या घरातली माणसं आपसात कैकाडीत बोलतात, आणि ‘फँड्री’ म्हणजे त्या भाषेत डुक्कर. सोलापूरच्या पूर्व भागातला माझा मित्र, घरात तेलुगू, नाव ऐकल्याबरोबर म्हणाला, ‘आमच्यात पंदि म्हणतात बे.’ शेजारच्या कन्नडवाल्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हंदि. सोलापुरात राहिल्याचा एवढा तरी फायदा. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, जब्या झालेला सोमनाथ अवघडे केमचा. पुण्याच्या गाडीत कुर्डुवाडी सुटली की आधी केम, मग जेऊर. त्या पट्ट्यातला माळ, बाभळी, ऊन, सगळं ओळखीचं. म्हणूनच बहुतेक तेव्हा ‘जड’ वाटला असेल.

दुसरा ‘एलिझाबेथ एकादशी’. डायरीत पाचवा होता. या वर्षात पंढरपूर दोनदा पडद्यावर आलं, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. ‘लय भारी’ ११ जुलैला, म्हणजे आषाढीनंतर दोनच दिवसांनी, आणि ‘एलिझाबेथ’ बालदिनाला. एकात पंढरपूर म्हणजे नवस, दिंड्या, गुलाल आणि अजय-अतुलचा दणका. दुसऱ्यात ते गाव आहे. तिथे विणकामाचं यंत्र बँकेने नेलंय आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ आलीय. मग पोरं कार्तिकीच्या गर्दीत दुकान मांडतात. आम्ही पंढरपूरला जाऊन येऊन करणारे, आम्हाला गर्दीच दिसते. ती गर्दी म्हणजे घरचं वर्षाचं गणित, हे पटकथा लिहिणाऱ्या मधुगंधा कुलकर्णींना नेमकं माहीत आहे. सिनेमातल्या झेंडू नावाच्या पोरीची भूमिका करणारीचं आडनाव भंडारकवठेकर. दक्षिण सोलापुरातलं गाव श्रेयनामावलीत बघून उगाच छाती फुगली.

तिसऱ्यावर ‘हॅपी जर्नी’ ठेवलाय आणि इथे मी पक्षपाती आहे. अतुल कुलकर्णी आमच्या सोलापूरच्या हरीभाई देवकरण शाळेचे, अर्धा गुण त्यालाच. तरी मेलेल्या बहिणीशी गाडीत बसून भांडणारा भाऊ त्यांनी इतका साधा केलाय की भूत आहे हे विसरायला होतं. मध्ये थोडा रेंगाळतो.

‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ चौथा, ‘पोस्टर बॉइज’ पाचवा. दोन्हींबद्दल मत फारसं बदललेलं नाही. ‘टाइमपास’ घसरून आठवा. गाणी अजून तोंडात आहेत, सिनेमा नाही.

बाकी ‘रेगे’, ‘पोस्टकार्ड’ आणि ‘येलो’. ‘येलो’ची जुन्या बाजारातून आणलेली डीव्हीडी पाऊण तासावर अडकली, पुसून, फुंकून, उदबत्ती दाखवायची तेवढी बाकी राहिली. दुसरी मिळेपर्यंत जागा रिकामी.

आणि ‘लय भारी’ सातवा. धाकट्या भावाला कळवलं तर लगेच फोन : ‘सातवा टाकलास व्हय बे? एकट्यानं बघितलास म्हणून.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी तो त्याची पोरं घेऊन येणार आहे, मोठ्या आवाजात लावायचं ठरलंय. तोवर सातचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवलाय.