60 सेंटिमीटरचा ओटा

त्या दिवशी मी शाळेत गेले ती एका मुलीचं नाव गृहाधारित शिक्षणाच्या, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवायच्या मुलांच्या यादीत टाकायला. फॉर्म भरून तयार होता. मुख्याध्यापकांची सही झाली होती, गोल शिक्का बसला होता. पालकाच्या सहीची चौकट तेवढी रिकामी होती. आजीचा अंगठा घेतला की काम झालं, आणि दुपारच्या एसटीने पुढचं गाव.

मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका आहे, करारावर. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं गट साधन केंद्र हे माझं कार्यालय, पण दिवस जातो तो जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि मुलांच्या घरी. माझ्याकडे 43 मुलं आहेत. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं. आमच्याकडे तसं नाही, आणि त्याचा फटका कुणाला बसतो ते मी रोज बघते. गावाचं, शाळेचं आणि मुलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लेकराला आपलं नाव असं सगळ्यांसमोर आलेलं आवडेल की नाही, हे मला ठाऊक नाही.

ती तेव्हा सहावीत होती. सेरेब्रल पाल्सीमुळे दोन्ही पाय ताठ, गुडघे आत वळलेले. हात चांगले चालतात. बोलते सावकाश, पण शब्द स्वच्छ. अपूर्णांक तिला वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आधी समजले होते. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात मिळालेली व्हीलचेअर तिच्याकडे आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी उरकली की टोळीबरोबर निघायचं, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायचं. तोवर ती आणि आजी, दोघीच घरात.

जानेवारी चालू होता. हजेरीपत्रक उघडलं तर नोव्हेंबरात 9 दिवस, डिसेंबरात 4.

"मॅडम, तिचे हाल होतात हो," मुख्याध्यापक म्हणाले. "पायऱ्या आहेत, गडबडीची पोरं आहेत. घरी शिकवायची सोय आहे ना कायद्यात? मग कशाला लेकराला त्रास?"

हे गृहस्थ वाईट नाहीत, हे मला आधीच सांगायला हवं. पाचवीपासून रोज सकाळी तिला स्वतःच्या हातांनी उचलून ओट्यावर घेणारा हा माणूस. सुटीच्या वेळी सातवीची दोन मुलं उचलायची. गावात सगळे याचं कौतुक करायचे. मीही केलं होतं, तालुक्याच्या बैठकीत उदाहरण म्हणून.

आजी तिला घेऊन आल्या. खुर्ची ओट्याखाली थांबली, म्हणून आम्हीच खाली उतरून लिंबाखाली बसलो. मी फॉर्म वाचून दाखवला. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग घरी शिकवाया कोन येनार?"

"मी येईन."

"रोज?"

"आठवड्यातून एकदा. कधी दोनदा."

"आन् बाकीचे दिस?"

मी म्हटलं, पुस्तकं देऊ, स्वाध्याय देऊ. आजी नुसत्या बघत राहिल्या. त्यांना स्वतःला अक्षर येत नाही. दिवसा त्या खुरपायला जातात. बाकीचे दिवस म्हणजे पत्र्याच्या खोलीत ती एकटी, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

ऊन वर आलं होतं. मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. मी पुन्हा धरली. आजी म्हणाल्या, "ती न्हाई घ्यायची बाई. शाळंला यायचं असलं की सकाळधरनं पाण्याचा थेंब घेत न्हाई. घरी गेली की तीन-तीन गिलास पिती."

मी या कामात 14 वर्षं आहे. हजेरी का कमी, असा प्रश्न मी कितीतरी घरांत विचारला आहे. पाणी का पीत नाहीस, असा प्रश्न मात्र मी तोवर एकाही मुलीला विचारला नव्हता.

मुख्याध्यापकांना मी म्हटलं, सर, पाच मिनिटं आम्हाला द्या. ते वर्गाकडे गेले. मग तिने सांगितलं, खाली मातीकडे बघत, एकेक शब्द जुळवत. मुलींच्या संडासाच्या दारातून खुर्ची आत जात नाही. मैत्रिणी धरून नेतात, पण त्यांना बोलावं तरी किती वेळा? दिवाळीआधी तिला पाळी सुरू झाली. "मग मला कुणी उचललेलं नको वाटतं," ती म्हणाली. "सरांनी पण." आजींनी पदर तोंडाला लावला. नोव्हेंबरातले 9 आणि डिसेंबरातले 4 दिवस कुठून आले ते मला तेव्हा कळलं. ती आजारी नव्हती. आपलं शरीर रोज चारचौघांत दुसऱ्यांच्या हाती द्यायला तिने नकार दिला होता. तो तिचा हक्क होता आणि आम्ही सगळे त्याला गैरहजेरी म्हणत होतो.

माझ्या पिशवीत मोजपट्टी कायम असते. कॅलिपरची (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांची), खुर्चीची मापं घ्यावी लागतात. मी उठले आणि आधी संडासाकडे गेले. दाराची रुंदी 56 सेंटिमीटर. तिची खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजली तर 64. दारासमोर एक पायरी, आत भारतीय पद्धतीचं भांडं, धरायला काही नाही.

मग रॅम्प.

हो, शाळेला रॅम्प होता. पिवळा रंग दिलेला, बाजूच्या भिंतीवर व्हीलचेअरचं चित्र. यू-डायसच्या, म्हणजे शाळेने दर वर्षी सरकारला द्यायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये रॅम्प आहे का, असा रकाना असतो. दर वर्षी तिथे "होय" जात होतं. मीही या शाळेच्या भेटीच्या अहवालात दोन वर्षं "आहे" असंच लिहिलं होतं. रॅम्प आहे आणि तरीही मुलीला उचलून न्यावं लागतं, या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. याची मला खरोखर लाज वाटते.

ओटा जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच. रॅम्पची जमिनीवरची लांबी 210. बारास एक हे प्रमाण आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं: एक हात चढायचं तर बारा हात लांबी हवी. म्हणजे 60 सेंटिमीटरसाठी 7 मीटर 20 सेंटिमीटर. इथे साडेतीनास एक होतं. एवढ्या चढावर खुर्ची ढकलली की मागे कलंडते. तसं एकदा झालंही होतं, पाचवीत असताना. तेव्हापासूनच उचलणं सुरू झालं. रॅम्पला कठडा नव्हता. वरच्या टोकाला बोटभर उंबरठा, खालच्या टोकाला हातपंपाचं सांडपाणी. वरून लहान मुलं घसरगुंडी खेळत होती, आणि खरं म्हणजे तो तेवढ्याच उपयोगाचा होता.

मी आकडे फॉर्मच्या पाठीमागे लिहिले आणि कार्यालयात गेले.

"सर, कायद्यात घरी शिकवायची सोय आहे, बरोबर. पण ती कुणाची सोय आहे ते बघू." शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, तेव्हा तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी घरी शिकण्याचा पर्याय आला. तो पर्याय मुलाने निवडायचा असतो. शाळेला इमारत जमत नाही म्हणून शाळेने निवडायचा नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण देतं, आणि तिथेही निवड मुलाचीच आहे. कलम 16 म्हणतं की शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत आणि सोयी वापरता येतील अशा कराव्यात, त्या मुलाच्या गरजेप्रमाणे लागेल तो बदल करून द्यावा. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022 मध्येच संपली.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तिला रोज उचलायचो मॅडम. एक दिवस चुकवला नाही."

"म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही सर. माझ्याही नाही."

मी त्यांना पाळीचं सांगितलं नाही, ते तिने माझ्याजवळ बोललेलं होतं. एवढंच म्हटलं की ती मोठी झाली आहे आणि तिला कुणी उचललेलं चालत नाही. सर दोन मुलींचे बाप आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फॉर्म माझ्या हातातून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता 7 मीटर 20 आणायचे कुठून? समोर 5 मीटरवर हातपंप, त्यापलीकडे फाटक. सरळ रॅम्प बसत नव्हता. भिंतीलगत वळवून घ्यायचा तर वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा हवी, कठडा हवा, खर्च वाढतो. आम्ही दोघं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा (त्या अंगणवाडीत आलेल्या, तशाच बोलावून घेतल्या) अंगणात मोजपट्टी धरून अर्धा तास फिरलो. ती लिंबाखालून बघत होती. शेवटी म्हणाली, "मागून येता येतं की."

मागे म्हणजे शेवटच्या खोलीच्या मागे. शाळा उतारावर बांधलेली आहे, मागची जमीन वर आहे. तिकडचं दार बंद असतं, कारण त्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि मोडके बाक. आम्ही जाऊन मोजलं. ओट्याची उंची 25 सेंटिमीटर. 3 मीटरचा रॅम्प पुरे, आणि जागा ऐसपैस.

"तुला कसं माहीत?"

"पोरं तिकडून सायकली चढवतात."

दोन वर्षं ती हे बघत होती. तिला विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. ऐकायला गोष्ट साधी वाटते, पण माझ्या कामाची पद्धत तिच्या त्या एका वाक्याने बदलली. आता मी कुठल्याही शाळेत आधी मुलाबरोबर एक चक्कर मारते, फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून नळापर्यंत, संडासापर्यंत. कुठे थांबतोस, का थांबतोस, ते त्यालाच दाखवायला सांगते. अहवाल नंतर.

त्याच दुपारी समितीच्या अध्यक्षांनी सरपंचांना फोन लावला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावात तोवर त्यातून वस्तूंचं वाटप होत आलं होतं. सरपंच म्हणाले, रॅम्प शाळेचा, मग जिल्हा परिषदेने बांधावा. अध्यक्षा म्हणाल्या, "पोरगी कुनाची हाय?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन बघून गेला. मी त्याला मापं कागदावर काढून दिली: लांबी 3 मीटर, रुंदी 120 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरखरीत. तो म्हणाला, एवढा लांब कशाला, दीड मीटरात बसवतो. तिची खुर्ची आणून, तिला शेजारी बाकावर बसवून, मी त्यालाच खुर्चीत बसवलं आणि जुन्या रॅम्पच्या पायथ्याशी नेऊन म्हटलं, आता स्वतःच्या हातांनी चाकं फिरवून वर जा. त्यानंतर त्याने लांबीबद्दल काही विचारलं नाही.

तांदळाची पोती पुढच्या खोलीत गेली, सहावीचा वर्ग शेवटच्या खोलीत आला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रॅम्प झाला. कठडा एकाच बाजूला बसला, पैसे तेवढेच पुरले. मार्चमध्ये तिची हजेरी 19 दिवस होती. संडासाचं काम मात्र रेंगाळलं. ठराव झाला, मग मार्चअखेर आला, मग सुट्या लागल्या. ते तीन महिने ती दुपारी जेवणाच्या सुटीत घरी जायची, मैत्रिणी खुर्ची ढकलायच्या, आणि पाणी तेव्हाच प्यायची. ही गोष्ट मी पुढे ढकलू द्यायला नको होती. रॅम्प फोटोत दिसतो, संडासाचा फोटो कुणी मागत नाही, म्हणून तो मागे राहतो.

शाळा उघडल्यावर जूनमध्ये गेले. ती सातवीत. आईवडील गावातच होते. आई माझ्याशी फार बोलली नाही, चहा मात्र पाजल्याशिवाय सोडलं नाही. संडासाचं दार रुंद झालं होतं, पायरी फोडली होती, कमोड बसला होता, भिंतीला लोखंडी दांडी होती. तिने खुर्ची आत नेऊन, वळवून दाखवली. मग दार लावायला हात वर केला. कडी नेहमीच्या उंचीवर, तिच्या हाताच्या वीतभर वर. सध्या एक मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहते.

कडी खाली घ्यायला सरांना सांगून आले. नवी कडी आणि चार स्क्रू तालुक्याहून नेऊन दिलेत. परवा गुरुवारी पुन्हा त्या गावाला फेरी आहे, तेव्हा तिलाच लावून बघायला सांगणार आहे.