बायकोची नागरिकत्वाची मुलाखत: सिव्हिक्सआधी स्वतःचा अर्ज पाठ असू द्या

अमेरिकेत नवरा सिटिझन झालेला असतो, बायकोची मुलाखतीची नोटीस येते, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजवर सिव्हिक्सचे, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि कारभार यांवरचे, प्रश्न चिकटतात. इकडून लातूर-परभणीहून सासरे व्हिडिओ कॉलवर 'सुप्रीम कोर्टात जज किती?' विचारायला लागतात. करा पाठांतर, वाईट काही नाही. पण सिव्हिक्स हा त्या मुलाखतीतला सोपा भाग आहे. अधिकारी खरा वेळ घालवतो तो एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जावर, शपथ देऊन, एकेका ओळीवर बोट ठेवून. आणि मराठवाड्याकडच्या मंडळींचं अडतं ते तिथंच: नावं, तारखा आणि माहेरचा मुक्काम.

आधी ३ वर्षांच्या नियमाचं बघू, कारण त्यात तीन घड्याळं आहेत आणि लोक एकच बघतात. जोडीदार सिटिझन असेल तर ग्रीन कार्डावर ५ ऐवजी ३ वर्षांनी अर्ज करता येतो, आणि त्याच्याही ९० दिवस आधी. पण ही ९० दिवसांची सूट फक्त ग्रीन कार्डाच्या मुदतीला आहे. सिटिझन जोडीदारासोबत एकत्र राहून ३ वर्षं, आणि जोडीदाराला सिटिझन होऊन ३ वर्षं, ही दोन्ही अर्जाच्या दिवशी पुरी भरलेली लागतात. नवऱ्याच्या शपथेला १० जूनला ३ वर्षं भरणार आणि अर्ज त्याच्या आधी महिनाभर, तर फी गेली. ती ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. शिवाय हे लग्न बायकोच्या शपथेच्या दिवसापर्यंत टिकलेलं लागतं. मधेच घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला, तर ३ वर्षांची वाट बंद होते आणि ५ वर्षांची धरावी लागते.

आता नाव. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. आपल्याकडं लग्नात ताटभर तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. मंगलचं मयूरी होतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव तर बदलतंच. दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. यातलं जे कुठल्याही कागदावर एकदा जरी आलं असेल, ते 'इतर नावं' या रकान्यात लिहायचं. लिहून ठेवलं तर अधिकारी टिक करून पुढं जातो. लिहिलं नाही आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर ते नाव निघालं, तर अर्ज तिथंच थांबतो.

तीच गत जन्मतारखेची. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून टाकलेली आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर वेगळीच, अशी माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत. पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि अर्ज या तिन्हींवर एकच तारीख हवी. तफावत असेल तर ती का, हे दोन वाक्यांत सांगायची तयारी ठेवा. मुलाखतीत घाईनं 'खरी तारीख वेगळी आहे' असं उगाच बोलू नका. खरंच दुरुस्ती करायची असेल तर आधी वकिलाला गाठा. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर एकदा छापलेली तारीख नंतर बदलून मिळणं फार अवघड. आणि हो, तिकडं महिना आधी लिहितात. ५ ऑगस्ट म्हणजे ०८/०५. प्रवासाच्या यादीत ही चूक हमखास होते.

जुन्या पासपोर्टावर औरंगाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव, याची मात्र फार धास्ती नको. 'गाव तेच, सरकारनं २०२३ मध्ये नाव बदललं' एवढं उत्तर पुरतं.

माहेरचा मुक्काम हा सगळ्यात घातक भाग, कारण तो चूक वाटतच नाही. बाळंतपणाला आलेली मुलगी १० जानेवारीला अंबाजोगाईत उतरली आणि २ ऑगस्टला परत गेली, तर ते २०४ दिवस झाले. एका दमात ६ महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटलं असं अधिकारी धरून चालतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर येते. नोकरी चालू होती, घराचं भाडं जात होतं, नवरा तिथंच होता, टॅक्स भरला, असे कागद लागतात. वर्षभर बाहेर राहिलं तर मोजणी जवळपास नव्यानं. शिवाय ३ वर्षांत मिळून निम्मे दिवस, म्हणजे किमान १८ महिने, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. सगळे पासपोर्ट समोर ठेवून शिक्क्यांवरून यादी करा. तिकिटांच्या ईमेल शोधा. आठवणीवर काढलेल्या तारखा अधिकाऱ्याच्या संगणकाशी जुळत नाहीत.

मग येतात हो-नाहीचे प्रश्न. इथं भाषेचा एक खड्डा आहे. 'तुम्हाला कधी अटक झाली नाही ना?' या प्रश्नाला मराठीत आपण 'हो, नाही झाली' म्हणतो. इंग्रजीतही तोंडातून 'येस' निघून जातं, आणि त्याचा अर्थ 'झाली' असा लिहिला जातो. म्हणून नुसतं येस-नो नको. 'नो, आय हॅव नेव्हर बीन अरेस्टेड' असं पूर्ण वाक्य म्हणायची सवय लावा. मानही डोलावू नका. आपली मान हो म्हणते की नाही, हे त्यांना कळत नाही.

अटकेचा प्रश्न जगभरासाठी आहे, फक्त अमेरिकेपुरता नाही. कॉलेजात असताना रास्ता रोकोत पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, तरी ते 'डिटेन' मध्ये बसतं. लिहायचं. गुन्हा नोंदला असेल तर कोर्टाचा निकाल जोडायचा. कम्युनिस्ट पक्षाशी संबंधाचाही प्रश्न आहे; डाव्या विद्यार्थी संघटनेची पावती फाडलेली असेल तर अर्ज भरण्याआधीच वकिलाशी बोला. लायसन्स काढताना खिडकीवर कुणी मतदार नोंदणीच्या चौकटीवर खूण करून घेतली का, हेही तपासा; सिटिझन नसताना अशी नोंदणी अडचणीत आणते. आणि अर्जदार नवरा असेल, तर १८ ते २६ वयात ग्रीन कार्डावर तिथं असताना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सैन्यभरतीसाठीच्या यादीत, नोंदणी केली होती का, हे विचारतात.

अधिकारी मधेच थांबून शब्दाचा अर्थ विचारतो. 'परसिक्यूट म्हणजे काय?' उत्तर साध्या इंग्रजीत हवं: 'टू हर्ट पीपल बिकॉज ऑफ देअर रिलिजन ऑर रेस.' 'ओथ' (शपथ), 'बेअर आर्म्स' (शस्त्र उचलणं), 'टोटॅलिटेरियन' (हुकूमशाही) हेही असेच तयार करा. बोलण्याची वेगळी परीक्षा नसते. या गप्पांवरूनच इंग्रजी तपासतात. न कळलं तर 'कुड यू प्लीज रिपीट दॅट' म्हणावं, अंदाजानं 'येस' नाही. वाचायला ३ वाक्यांपैकी १ बरोबर आलं की बास, लिहायलाही तेच. लिहिताना शब्द तोडून छोटे करू नका.

राहिलं सिव्हिक्स. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत तोंडी, १२ बरोबर हवेत. १२ झाले किंवा ९ चुकले की अधिकारी थांबतो. आधीच्या अर्जांना १०० प्रश्नांची जुनी यादी, १० पैकी ६. गव्हर्नर, सिनेटर ही नावं मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा बघा. एक तारीख मात्र मराठवाड्याच्या माणसाला पाठ करावी लागत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या १७ सप्टेंबर १७८७ ला. आपला मुक्तिसंग्राम दिन. त्याच दिवशी तिकडं संविधान आणि नागरिकत्व दिन पाळतात, आणि त्या आठवड्यात शपथविधी भरपूर असतात.

फाइलमध्ये काय काय? ग्रीन कार्ड, सगळे जुने-नवे पासपोर्ट, विवाहाचा दाखला, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, ३ वर्षांचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, दोघांच्या नावावरचं भाडेपत्र आणि बँक खातं, मुलांचे दाखले. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतरकाराची सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे' एवढा मजकूर. नोटरी लागत नाही. दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हवा. शंभराच्या बाँडवर पंचांसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी तिथं टिकवणं जड जातं, आणि आधीचं लग्न मोडल्याचं सिद्ध झालं नाही तर आताचं लग्नच संशयात येतं. हे काम मुलाखतीच्या आधी निदान वर्षभर हातात घ्यावं.

सिटिझन जोडीदारानं आत जायची एरवी गरज नसते. पण नव्या लग्नावरून मिळालेल्या २ वर्षांच्या कंडिशनल ग्रीन कार्डाची अट काढायचा अर्ज, म्हणजे आय-७५१, अजून अडकलेला असेल, तर दोघांनीही जा. दोन्ही अर्ज एकाच बैठकीत निघू शकतात.

शेवटी एन-६५२ नावाचा कागद मिळतो, त्यावर निकाल असतो. इंग्रजी किंवा सिव्हिक्स चुकलं तर ६० ते ९० दिवसांत, राहिलेल्या भागापुरती, दुसरी संधी. अर्ज नाकारला तर ३० दिवसांत एन-३३६ भरून फेरसुनावणी मागता येते.

पास झालं म्हणून लगेच दिवाळीची तिकिटं काढू नका. शपथ झाली की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं आणि भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) किंवा व्हिसा, आणि यात काही आठवडे सहज जातात. वडिलांच्या सातबाऱ्यावरचा वारसा हक्क यानं जात नाही, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. आणि शपथेच्या हॉलमध्ये सर्टिफिकेट हातात आलं की खुर्चीतून उठायच्या आत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख वाचा. चूक असेल तर टेबलावरच सांगा.