तुम्ही विचारलंत म्हणून: चालणारा ड्रायव्हर हलवायचाच कशाला?

हा प्रश्न मला कॉलेजातली मुलं विचारतात, ऑफिसात नवीन आलेले मॅनेजर विचारतात, आणि अंधेरीहून परत जाताना ट्रेनमध्ये भेटणारी बँकेतली मैत्रीण तर अधूनमधून विचारतेच, की अगं तुम्ही तो कोड या फोल्डरमधून उचलून त्या फोल्डरमध्ये ठेवता, नवीन फीचर नाही, स्पीड वाढला नाही, एकही बग गेला नाही, मग इतके दिवस केलं काय? विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही, बाहेरून ते तसंच दिसतं. म्हणून एकदा नीट लिहिते, जरा लांबेल.

ड्रायव्हर म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि हार्डवेअर यांच्या मधला कोड, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण लिनक्स कर्नलच्या सोर्समधल्या निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हर्सच्याच आहेत हे कमी जणांना माहीत असतं. शेड्युलर (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा भाग), मेमरी मॅनेजमेंट वगैरे ज्यावर परीक्षेत प्रश्न येतात ते त्यामानाने छोटं आहे. आणि चुका कुठे जास्त सापडतात, तर ड्रायव्हर्समध्येच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सचा कोड तपासला तेव्हा ड्रायव्हर्समधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या ३ ते ७ पट निघालं होतं. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही, कारण ड्रायव्हर लिहिणाऱ्याला चिप चांगली कळत असते पण कर्नल तेवढा कळत नसतो, मग तो जवळपासचा एखादा ड्रायव्हर कॉपी करतो, रजिस्टरं (चिपवरच्या नियंत्रणाच्या जागा) बदलतो, कार्ड चाललं की पुढच्या कामाला लागतो. कॉपीबरोबर त्यातला बगही येतो. नंतर मूळ फाइलमधला बग कोणीतरी काढतं, कॉपीतला तसाच राहतो, कारण कॉपी कुठे पडलीय हेच कोणाला ठाऊक नसतं.

माझं उत्तर खरं तर इथेच आहे. ड्रायव्हर कुठे ठेवलाय यावरून तो कोण वाचणार हे ठरतं. दोन सारखे ड्रायव्हर शेजारी आणले की माणूस ते शेजारी ठेवून वाचतो, आणि लांब असले की कोणीच वाचत नाही.

आमच्याकडचंच सांगते. एका नेटवर्क बोर्डाच्या तीन पिढ्या, प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळ्या टीमने वेगळ्या वेळी लिहिलेला, तिन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तिन्ही मुळात एकाच फाइलपासून निघालेले. ते एका फोल्डरमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. आणल्यावर सहज डिफ (फाइलींमधला फरक) काढला तर मधल्या पिढीत एक तपासणी होती जी बाकीच्या दोघांत नव्हती. पॅकेट पाठवताना बफरचा (पॅकेट ठेवलेल्या मेमरीचा) डीएमए पत्ता, म्हणजे कार्ड थेट मेमरी वाचायला वापरतं तो पत्ता, मागायचा असतो, आणि तो मिळाला की नाही हे वेगळं फंक्शन बोलावून तपासायचं असतं. साध्या एक्स८६ (इंटेल-एएमडी जातीच्या) मशीनवर, आयओएमएमयू (कार्डांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) बंद असेल तर, तो पत्ता जवळजवळ नेहमीच मिळतो त्यामुळे तपासणी नसली तरी वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. आयओएमएमयू चालू केला आणि लोड वाढला की कधीतरी पत्ता मिळत नाही, आणि मग तो चुकीचा आकडा तसाच कार्डाला दिला जातो. कोणीतरी हुशार माणसाने हे ओळखून एका पिढीत दुरुस्त केलं होतं, कमिट मेसेजही (बदलासोबतची टीप) छान लिहिला होता, पण बाकीच्या दोन कॉपी त्याच्या नजरेसमोरच नव्हत्या. हलवल्याने बग गेला नाही हे खरंय, पण हलवल्याने तो दिसला, आणि पुढच्या पॅचमध्ये (कोडबदलात) गेला.

मोठ्या प्रमाणावर हेच लिनक्समध्ये झालं. २०११ पर्यंत ड्रायव्हर्स/नेट ही एकच भलीमोठी डिरेक्टरी होती, इथरनेट कार्डांच्या बहुतेक फाइली सरळ त्यातच, शेजारी पीपीपी, बाँडिंग, असलं नेटवर्कचं बाकी सगळं. इंटेलमधल्या जेफ कर्शर यांनी त्यातले इथरनेट ड्रायव्हर्स उचलून ड्रायव्हर्स/नेट/इथरनेट खाली कंपनीवार लावले, ते जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ कर्नलमध्ये दिसलं. लॅमिंग्टन रोडवरून पीसी जुळवून घेतलेल्यांना रियलटेक ८१३९ चं ते स्वस्त लॅन कार्ड आठवत असेल, त्याची फाइल रियलटेकमध्ये गेली, थ्रीकॉमच्या थ्रीकॉममध्ये, इंटेलच्या इंटेलमध्ये. पण हे वाटतं तितकं सरळ नव्हतं. एनई२००० जातीची (एकाच जुन्या नमुन्यावर बनलेली) लॅन कार्डं कितीतरी कंपन्यांनी विकली, ती कोणाच्या नावावर टाकणार? ती ८३९० या चिपच्या नावाच्या डिरेक्टरीत गेली. सनच्या वर्कस्टेशनमधला सनलान्स ड्रायव्हर तर एएमडीमध्ये आहे, कारण डब्यावर नाव सनचं असलं तरी आतली लान्स चिप एएमडीची, आणि तिचे भाईबंद सगळे तिकडे. मला हा निर्णय फार आवडतो. विकणाऱ्याचं नाव बघितलं नाही, कोड कोणाशी जुळतो ते बघितलं.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी वाचताना सुटते. प्रत्येक कंपनीसाठी केकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते निवडायच्या यादीत) एक नवीन वरचा पर्याय आला, आणि तो डिफॉल्ट 'हो' ठेवला. समजा 'नाही' ठेवला असता, तर जुनी कॉन्फिग फाइल घेऊन एंटर मारत नवीन कर्नल बिल्ड करणाऱ्याचा ड्रायव्हर गुपचूप गळला असता, आणि मशीन रीबूट झाल्यावर नेटवर्कच नाही, म्हणजे तो सर्व्हर लांब कुठे डेटा सेंटरमध्ये असेल तर संपलंच. पर्यायांची जुनी नावंही बदलली नाहीत, मॉड्यूलची (कर्नलला वरून जोडता येणाऱ्या ड्रायव्हर फाइलची) नावंही नाहीत. हे करणाऱ्याने वापरणाऱ्याचा विचार किती केलाय ते अशा ठिकाणी कळतं.

दादरचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले, आधी पश्चिमेलाही १ नंबर आणि मध्यलाही १ नंबर होता, आता पश्चिमेचे १ ते ७ तसेच आणि मध्यचे ८ पासून १४. गोंधळ कमी झाला, बरंच झालं, पण लोकांच्या तोंडात बसलेला नंबर बदलला त्यामुळे सगळ्यांना नव्याने शिकावं लागलं. कर्नलमध्ये आम्ही नेमकं हेच टाळतो. आतला पत्ता बदला, पण लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव बदलू नका. कार्ड लावलं की मोडप्रोब (मॉड्यूल चढवणारा प्रोग्राम) पीसीआय आयडीवरून, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकावरून, मॉड्यूल शोधतो, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुटतं ते फक्त स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहून इन्समॉड करणाऱ्यांचं (मॉड्यूल हाताने चढवणाऱ्यांचं), आणि असे लोक असतात, म्हणून मी बदलाच्या नोटमध्ये नवा पाथ ठळक लिहितेच.

पण मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखं एआरएमचं (मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या चिपचं) प्रकरण आहे. तिथे प्रत्येक चिप कंपनीची एकेक मशीन डिरेक्टरी होती, आणि प्रत्येकीत स्वतःचा क्लॉकचा (चिपच्या भागांना ठोके देणाऱ्या घड्याळाचा) कोड, स्वतःचा पिनांचा कोड, जीपीआयओचा (साध्या चालू-बंद पिनांचा) कोड, सगळं आपापलं. २०११ च्या सुरुवातीला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. त्यात क्लॉकची गोष्ट बघा. 'क्लॉक' या एकाच नावाचं स्ट्रक्चर (माहितीचा साचा) प्रत्येक प्लॅटफॉर्मने, म्हणजे प्रत्येक चिप-कुटुंबाने, आपल्यापुरतं वेगळं ठरवलं होतं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या चिपवर चालणारा एकच कर्नल बिल्ड करणंच शक्य नव्हतं, नाव एक आणि आतला आकार दोन. मग पिन कंट्रोलला स्वतःची डिरेक्टरी मिळाली, २०१२ मध्ये ३.४ कर्नलात क्लॉकसाठी एकच सामाईक फ्रेमवर्क आलं, हळूहळू कोड आर्किटेक्चरच्या फोल्डरमधून निघून ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये आला. बोर्डावर काय कुठे जोडलंय ती माहिती सी कोडमधून निघून डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ३.७ मध्ये अनेक एआरएम प्लॅटफॉर्मवर चालणारा एक कर्नल बिल्ड करायची सोय आली. आता यातला एकेक पॅच सुटा काढून माझ्या मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणेल नवीन काय झालं, आणि सुट्या पॅचपुरतं तिचं बरोबरच असेल. पण क्लॉकचे सगळे ड्रायव्हर एका छपराखाली आल्यावर त्यांना एक मेंटेनर (तो कोड सांभाळणारा माणूस) मिळाला जो सगळ्यांचे पॅच वाचतो, आणि तो विचारायला लागला की अहो हे तर शेजारच्या फाइलमध्ये आहे, परत का लिहिताय. आधी असं विचारणारं माणूसच नव्हतं.

वर्गवारी कशावर करायची हा वेगळाच अवघड भाग. टीव्ही ट्यूनर कार्डांमध्ये आधी ॲनालॉग एका बाजूला आणि डिजिटल दुसऱ्या बाजूला अशी विभागणी होती. केबलवाल्याची वायर पीसीला लावून मॅच बघायच्या काळात ती चालून गेली, पण मग दोन्ही करणारी कार्डं आली आणि ती कुठल्याच बाजूला धड बसेनात. २०१२ मध्ये मॉरो कार्व्हाल्यो चेहाब यांनी ती मोडून यूएसबी, पीसीआय, ट्यूनर, फ्रंटएंड अशी मांडणी केली. माझं मत असं की वर्गवारी हार्डवेअर कशाने जोडलंय आणि कोणाचा कोड वापरतंय यावर करावी, विकताना खोक्यावर काय छापलंय यावर नाही.

आता ज्यांना हे प्रत्यक्ष करायचंय त्यांच्यासाठी. हलवायचं आणि बदलायचं हे एका कमिटमध्ये कधीच करायचं नाही. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते. गिट (कोडचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) फाइलचं नाव बदललं अशी नोंद ठेवतच नाही, जुनी फाइल गेली आणि नवीन आली एवढंच त्याला माहीत, नंतर तुलना करून तो अंदाज लावतो, ५० टक्के मजकूर जुळला तर म्हणतो हीच ती. तुम्ही हलवता हलवता इंडेंटेशन सुधारलंत, दोन फंक्शनं वर-खाली केलीत की तो अंदाज बिघडतो, आणि तपासणाऱ्यापुढे हजारो ओळींचा ढीग पडतो ज्यात खरा बदल कुठला ते देवाला माहीत. नुसतं हलवलं असेल तर पॅच मोजक्या ओळींचा होतो, त्यात साम्य १०० टक्के असं लिहिलेलं असतं, तपासणारा निर्धास्त. मग त्याच कमिटमध्ये नव्या जागेनुसार दुरुस्त करायचं ते एवढंच: मेकफाइल (बिल्डच्या सूचना), केकॉन्फिग, हेडरचे पाथ, आणि मेंटेनर्स फाइलमधली ती ओळ जी सगळे विसरतात, ती राहिली तर पुढचे पॅच योग्य माणसाकडे जातच नाहीत. प्रत्येक कमिटनंतर कर्नल बिल्ड व्हायलाच हवा, शेवटी होतोय हे पुरत नाही, कारण उद्या कोणीतरी दुसराच बग शोधायला बायसेक्ट (बग कुठल्या कमिटने आला ते निम्मे-निम्मे करत शोधणं) लावेल आणि नेमकं तुमच्या मधल्या अर्धवट कमिटवर येऊन अडकेल. मी याच्यापुढे जाऊन जुन्या आणि नव्या ऑब्जेक्ट फाइलचा (कंपाइल झालेल्या फाइलचा) मशीन कोडही जुळवून बघते. कर्नलच्या इशाऱ्यांमध्ये फाइलचा पाथ छापला जातो त्यामुळे तेवढ्या स्ट्रिंग बदललेल्या दिसतात, पण इन्स्ट्रक्शनमध्ये फरक दिसला तर थांबायचं.

याची किंमत नाही असं नाही हं. दुसऱ्यांचे अर्धे झालेले पॅच तुमच्या हलवण्यामुळे आदळतात. जुन्या स्टेबल कर्नलवर फाइल जुन्याच जागी असते, तिथे दुरुस्ती न्यायची तर गिटचं चेरीपिक (एकच कमिट उचलून दुसरीकडे लावणं) बऱ्याचदा ओळखून घेतं पण नुसती पॅच कमांड वापरणाऱ्याला पाथ हाताने बदलावा लागतो, आणि हे वर्षानुवर्षं करावं लागतं. ट्रीच्या (कर्नलच्या मुख्य सोर्सच्या) बाहेर ड्रायव्हर ठेवणाऱ्या कंपन्यांना हेडर हलला की त्रास होतोच, लिनक्समध्ये आतले इंटरफेस स्थिर ठेवायचं वचनच नाही, जो बदलतो तो ट्रीमधल्या सगळ्यांचं दुरुस्त करून देतो, बाहेरच्यांचं बाहेरच्यांनी बघायचं. म्हणून नुसतं नीटनेटकं दिसावं यासाठी हलवायला माझा ठाम विरोध आहे. कोणी असा पॅच घेऊन आलं की मी एकच विचारते, हलवल्यानंतर काय एकत्र होणार, कुठला कोड कमी होणार, कोण वाचणार? उत्तर असेल तर मी स्वतः बसून तपासते. नसेल तर जिथे आहे तिथे राहू दे.

आणि मुलं शेवटी हमखास विचारतात की सुरुवात कुठून करू. कर्नलचं गिट क्लोन करा, सनलान्सची फाइल एएमडीच्या डिरेक्टरीत सापडेल, तिच्यावर गिट लॉग ही कमांड फॉलो हा पर्याय लावून चालवा. २०११ चा हलवल्याचा कमिट दिसेल, तो उघडून वाचा, काय काय हलवलं आणि कशाला हात लावला नाही ते बघा. त्याच्या खाली २००५ पर्यंत, म्हणजे लिनक्स गिटवर आलं तिथपर्यंतचा, त्या फाइलचा इतिहास सलग मिळेल, जुनी जागा आणि नवी जागा दोन्हीकडचा. मग फॉलो काढून परत चालवा आणि कुठे तुटतो ते बघा.