ड्रॉन्टनच्या शेतात पडलेलं विमान नेमकं कोणतं?

नेदरलँड्समधल्या ड्रॉन्टनभोवती पडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा शोध घ्यायचा, तर आजचा नकाशा आधी बाजूला ठेवावा लागतो. युद्धाच्या काळात इथे गाव नव्हतं, शेतंही नव्हती. आयसलमेर या सरोवराचं पाणी होतं. हा पोल्डर, म्हणजे बांध घालून पाणी उपसून मिळवलेली जमीन, 1957 मध्ये कोरडा झाला. त्यामुळे त्या वेळच्या नोंदी ड्रॉन्टनच्या नावाने सापडणारच नाहीत. त्या सापडतात काम्पेन, एल्बर्ग, हार्डरवाइक आणि उर्क या जुन्या किनाऱ्यावरच्या गावांच्या दप्तरांत: पोलिसांचे अहवाल, हवाई हल्ला संरक्षण दलाच्या नोंदवह्या, महापौरांचा पत्रव्यवहार. ‘किनाऱ्यापासून अमुक किलोमीटर, वायव्येला’ असं वाचलं की टोपोटाइडराइस या संकेतस्थळावर त्या वर्षाचा नकाशा उघडायचा आणि जुन्या किनाऱ्यावरून रेघ ओढायची. मात्र हे अंतर जसंच्या तसं धरू नये. रात्री पाण्यावर पेटलेलं विमान किती लांब आहे, याचा अंदाज किनाऱ्यावर उभ्या माणसाला नीट येत नाही. दिशा बहुतेकदा बरोबर असते, अंतर नाही. दोन गावांतून दिलेल्या दिशा मिळाल्या, की त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शोध सुरू करावा.

यानंतर घड्याळ. मे 1940 पासून व्याप्त नेदरलँड्समध्ये जर्मन वेळ लागू होती, आणि तिकडे ब्रिटननेही उन्हाळ्यासाठी दुहेरी उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ ग्रिनिचच्या दोन तास पुढे, आणली. म्हणून बऱ्याच काळात दोन्हीकडची घड्याळं सारखीच दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण 1941-42 च्या हिवाळ्यात जर्मनीने उन्हाळी वेळ चालूच ठेवली होती. 1943 मध्ये ब्रिटनची दुहेरी वेळ 15 ऑगस्टला संपली, जर्मनीची उन्हाळी वेळ मात्र 4 ऑक्टोबरपर्यंत चालली. या दोन्ही काळांत एका तासाचा फरक पडतो. सप्टेंबर 1943 च्या डच पोलीस अहवालात रात्रीचा दीड वाजलेला असेल, तर ब्रिटिश घड्याळात तेव्हा साडेबारा झालेले असतात. एवढ्या फरकाने बर्लिनहून परतणारं विमान आणि तिकडे निघालेलं विमान यांची अदलाबदल होऊ शकते. आणखी एक गोष्ट म्हणजे ब्रिटिश नोंदींत रात्र जोडतारखेने लिहितात, 29/30 मार्च अशी. गावच्या दप्तरात एकच तारीख असते, आणि ती मध्यरात्रीच्या अलीकडची की पलीकडची हे वेळ पाहिल्याशिवाय कळत नाही.

विमानांची पहिली यादी एसजीएलओ या डच अभ्यासगटाच्या हानी-नोंदवहीतून घ्यावी. तिथे प्रत्येक विमानाला टी-क्रमांक असतो. मग ब्रिटिश विमानासाठी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली स्क्वाड्रनची नोंदवही (एअर 27 मालिका) पाहायची, अमेरिकन विमानासाठी बेपत्ता कर्मचारी अहवाल, म्हणजे एमएसीआर. न परतलेल्या विमानाबद्दल ब्रिटिश नोंदवहीत अनेकदा उड्डाणाची वेळ आणि ‘त्यानंतर काही कळलं नाही’ एवढंच असतं. अमेरिकन अहवालात मात्र इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकसुद्धा दिलेले असतात. चिखलातून निघालेल्या एका बंदुकीवरचा क्रमांक जुळला, तर वाद मिटतो.

वाहून आलेल्या मृतदेहांवरून जागा ठरवण्याचा मोह टाळावा. आयसलमेरमध्ये भरती-ओहोटी नाही, पण वारा पाणी आणि त्याबरोबर देह लांब ढकलतो, आणि देह वर यायला आठवडे लागू शकतात. दफनाच्या नोंदीत देह सापडल्याची तारीख असते. ती मृत्यूची तारीख समजून पुढे गेलात तर भलत्याच रात्रीची विमानं तपासत बसाल.

आता अवशेष. नांगराला लागलेल्या पत्र्याच्या तुकड्यावरून विमानाचा प्रकार ठरवता येतो. ते विमान नेमकं कोणतं, हे तेवढ्यावरून ठरत नाही. हा फरक कायम लक्षात ठेवावा. नऊ सिलिंडरांचं एकाच रांगेतलं राइट सायक्लोन इंजिन निघालं तर बी-17 या अमेरिकन बॉम्बरचा विचार करावा, दोन रांगांतलं चौदा सिलिंडरांचं प्रॅट अँड व्हिटनी निघालं तर बी-24 या दुसऱ्या अमेरिकन बॉम्बरचा. सिलिंडरच्या भिंतीलाच वेड्यावाकड्या आकाराची छिद्रं असतील आणि झडपांचे दांडे कुठेच नसतील, तर ते स्लीव्ह-व्हॉल्व्हचं, म्हणजे झडपांऐवजी सरकती नळी असलेलं, ब्रिस्टल हर्क्युलिस इंजिन असण्याची शक्यता मोठी. पण ब्रिटिश बॉम्बरांपैकी हर्क्युलिस स्टर्लिंगला होतं, हॅलिफॅक्स 3 ला होतं, लँकेस्टर 2 लाही होतं. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या सुट्या भागांवर 300 ने सुरू होणारा क्रमांक दिसला म्हणून ते पहिल्या मार्कचं, म्हणजे पहिल्या आवृत्तीचं, विमान ठरत नाही. जुन्या आराखड्यातले भाग नंतरच्या मार्कांतही तसेच वापरले. अनेक भाग असतील तर सगळ्यांत नंतरच्या मार्कचा भाग निर्णायक धरावा.

याचं ठळक उदाहरण आल्मेरेजवळच्या मार्करमेर या सरोवरातलं स्टर्लिंग. 2008 मध्ये एका बोटीच्या नांगराला अडकून त्याच्या चाकाच्या सांगाड्याचा भाग वर आला. स्टर्लिंग हे नक्की झालं आणि बीके 710 हा क्रमांक लागला. पुढे आद्याक्षरं कोरलेली सिगारेटची डबी मिळाली आणि तपास बीके 716 कडे वळला. 2020 मध्ये ते विमान वर काढलं. मधल्या काळात विमानातल्या सात जणांच्या नातेवाइकांना ते नेमके कुठे आहेत हे कळत नव्हतं, म्हणून क्रमांकाच्या एका आकड्यासाठी इतका आटापिटा करायचा.

तातडीने पोटावर उतरवलेल्या विमानांचा माग जमिनीत फारसा मिळत नाही. अॅल्युमिनियमसाठी जर्मन असे सांगाडे उचलून नेत. अशा वेळी कागदपत्रं आणि छायाचित्रं हाच आधार. छायाचित्रात प्रोपेलरची पाती पाहावीत: खालचीच वाकलेली असतील तर ते इंजिन बंद होतं, सगळी वाकलेली असतील तर फिरत होतं.

खणण्याची घाई करू नये. डच वारसा कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीने धातुशोधक 30 सेंटीमीटरपर्यंतच वापरता येतो, आणि अनेक नगरपालिकांचे याहून कडक नियम आहेत. विमान बाहेर काढण्याचं काम नगरपालिका आणि संरक्षण खात्याचं आहे. बॉम्ब, काडतुसं किंवा फ्यूज दिसला तर हात न लावता पोलिसांना कळवावं; ते लष्कराच्या स्फोटक निकामी पथकाला बोलावतात. घड्याळासारख्या जुन्या तबकड्यांवरचा चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो, म्हणून त्या खरवडू नयेत आणि घरी नेऊ नयेत. हाड दिसलं तर काम तिथेच थांबवून, तुकडा मूळ जागी ठेवून, जागेचे निर्देशांक लिहून पोलिसांना कळवावं.