मणी भवन, जानेवारीतलं

आमच्या गिरगावातल्या मंडळाची मणी भवनची, म्हणजे गांधीजींच्या मुंबईतल्या घरातल्या संग्रहालयाची, वार्षिक भेट 2 ऑक्टोबरला कधीच नसायची. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. आपला दिवस 4 जानेवारीच्या आसपासचा. 1932 साली त्याच तारखेला भल्या पहाटे गांधीजींना या घराच्या गच्चीवरून अटक झाली, हे एक. दुसरं म्हणजे तेव्हा हवा कोरडी असते आणि सूतकताईचे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, दमट होत नाहीत.

गावदेवीतली ती गल्ली लहान. बस आत घालण्याचा हट्ट धरला की अर्धा तास तिथेच गेला. ग्वालिया टँकवरून चालत गेलेलं बरं. घरातही एकदम शिरायचं नाही, पंधरा-पंधराच्या तुकड्या करायच्या. एक थेट दुसऱ्या मजल्यावर, बाकीच्या तोवर तळमजल्यावरच्या ग्रंथालयापाशी. वर आधी गांधीजींची खोली, मग त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे बाहुल्यांचे देखावे. उलट केलंत तर मुलं काचेला नाक लावून तिथेच खिळतात आणि खोली पाहायची राहून जाते.

रेवाशंकर जगजीवन झवेरींचं हे घर. 1917 ते 1934 गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथेच. खोलीत पांढरी गादी, तक्क्या, चरखे. मोठ्यांची पावलं मात्र हिटलरला लिहिलेल्या 1939 च्या पत्रापाशी रेंगाळायची. युद्ध टाळा, अशी त्यात विनंती आहे.

खरी धमाल परतल्यावर, मंडळाच्या हॉलमध्ये, टकळीची, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायच्या छोट्या चातीची. पेळू पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, घामट हातांनी चुरगाळायचे नाहीत. चाती फिरवायची, पीळ वर चढू द्यायचा, मगच पेळू मागे ओढायचा. घाई इथेच नडते: पीळ बसण्याआधी ओढलं की धागा निसटून तुटतो, आणि पीळ जास्त झाला की सैल सोडताच गुंतून गाठी पडतात. तुटलेलं टोक नुसतं गाठ मारून जोडू नये. ते थोडं उसवून, दोन बोटं लांबीचं पेळूच्या मोकळ्या कापसावर ठेवायचं आणि टकळीला हलकी फिरकी द्यायची. सांधा दिसतही नाही. पहिल्या खेपेला सूत सुतळीएवढं जाड येणार, हे आधीच सांगून टाकावं.

सगळ्यांचं सूत एका गुंडीत मात्र गुंडाळायचं नाही. ज्याचं त्याने घरी न्यायचं, नाहीतर जाड भाग कुणाचा यावरून जिन्यातच भांडणं.